सुकतीचं पाणी

पूल झाल्यापासून तर बंद.
तिकीटघर उरलं: एकोणीस फूट भिंत,
मधोमध लोखंडी गजांची खिडकी.
सरपंच मिठबावकरबाई म्हणाल्या,
"एक छानसं खेडं काढ. झाडं, पाणी, दोन-चार घरं.
माणसं नकोत. तुझ्या माणसांचे डोळे
एकमेकांकडे बघत नाहीत."
खोटं नव्हतं.
मी होड्यांवर नावं रंगवतो, 'जलराणी', 'रवळनाथ प्रसन्न'.
अक्षरांना डोळे लागत नाहीत.

चुन्याखाली बापाच्या हातचा दरफलक होता:
माणूस आठ आणे, शेळी चार आणे,
सायकल सहा, नवरीची पेटी फुकट.
मी चुन्याचे दोन हात दिले.
माणूस बुजला, शेळी बुजली, पेटीसुद्धा.
'सायकल' तिसऱ्या दिवशी परत वर आली,
ओल्या सदऱ्यातून बरगडी दिसावी तशी.

डोंगर सोपे. शाळेपासून हाताला पाठ,
दोन डोंगर, मध्ये उगवता सूर्य.
पण इथे तो डोंगरामधून येतोच कुठे?
चिरेखाणीच्या कापलेल्या पायऱ्या चढत येतो,
धुळीने लाल होऊन.
खाण मी झाडीने झाकली:
आईन, किंजळ, फणस, एक उंडीण जास्तीची.
हिरवा डबा तिथेच संपला.

घर बांधलं खिडकीभोवती.
गज खरे, आतला अंधार खरा,
वर मी कौलं चढवली, एकेक,
कोन्याला पन्हळ, दारात तुळस.
पहिल्याच रात्री पाल राहायला आली.

मग पाणी.

सोनू जुवाटकर रोज दहाला येऊन
पालथ्या होडीवर बसायचा.
एकतीस वर्षं याच धक्क्यावरून तर मारली त्याने.
तीन दिवस काही बोलला नाही.
चौथ्या दिवशी मी निळा डबा फोडला,
ब्रश बुडवला,
तेव्हा मागून आवाज आला,
"रे, ह्यां पाणी भरतीचां की सुकतीचां?"

मी म्हटलं, पाणी आहे. निळं.

तो हसला नाही.
"चिपीची मुळां उघडी काढलंस,
मगे पाणी इतक्या वर कसां?
आणि होडयेचो दोर ढिलो.
खंय जाता ती?"

या पाण्याकाठी मी बेचाळीस वर्षं जेवलो,
याच्यात बापाची राख सोडली,
आणि एकदाही त्याला वेळ विचारली नव्हती.

डबा झाकला.
राखाडीत काव कालवली, चिमूटभर जांभळा,
ब्रश ठेवून दिला आणि बोटांनीच
चिखल ओढला भिंतभर.
होडी कुशीवर कलंडवली.
खांबाला कालवं चिकटवली, भरतीच्या रेघेपर्यंत.
पलीकडच्या काठाला पाण्याची एक पट्टी,
नखाएवढी.

'सायकल' बुजवली नाही.
काना, वेलांटी, जे काही वर येत होतं
त्याच्या कडेकडेने खळगे केले,
पावलांसारखे,
तिसऱ्या काढायला कुणी चिखलात उतरलं असावं
आणि आता चित्राबाहेर गेलं असावं, तसे.
माणसं नकोत म्हणाल्या होत्या.
पावलांबद्दल काही बोलणं झालं नव्हतं.

मंगळवारी बाई बघायला आल्या.
झाडं बघितली, घर बघितलं,
खिडकीतून आत वाकून बघितलं.
"आणि पाणी?"

मी सोनूकडे पाहिलं.
तो विडी विझवत होता, चपलेखाली, सावकाश.
"येतलां," म्हणाला. "सव्वाचाराक."

बाईंनी घड्याळ पाहिलं.
चाराला दहा कमी.
"रंगाचे किती झाले?" म्हणाल्या,
आणि बसल्या पालथ्या होडीवर,
त्याच्या शेजारी, पर्स मांडीवर घेऊन.

मी म्हटलं, निळा डबा परत करता येईल.
दोनच थेंब वापरलेत.